पिंपळवड्याचा दुसरा दगड

आमच्या पिंपळवड्याच्या चावडीच्या भिंतीत एक काळा दगड बसवलेला आहे. त्यावर इंग्रजीत चार ओळी कोरल्यात. या गावातून एकतीस माणसं महायुद्धावर गेली, १९१४ ते १९१९. त्यांपैकी चार कामी आली. बस्स, एवढंच. नावं नाहीत. साताऱ्याकडं अशा दगडांचं नवल नाही, पण आमच्या गावाला त्याचा एवढा अभिमान की नवी सून आली तर तिला आधी भैरोबा दाखवतात आणि मग दगड.

मी याच गावचा, लालासाहेब, रिटायर हवालदार क्लार्क. चोवीस वर्षं पलटणीत काढली, त्यातली बावीस टाइपरायटरपुढं. गोळी झाडायचो ती वर्षाकाठी रेंजवर, आणि तीही बहुधा शेजाऱ्याच्या टार्गेटला लागायची. पण माणसं मोजण्यात मी कधी चुकलो नाही. पलटणीत रोज सकाळी परेड स्टेट निघतं. एकूण किती, हजर किती, रजेवर किती, कोर्सवर किती, दवाखान्यात किती. माणूस डोळ्यांपुढं नसला तरी चालतं, पण तो कुठं आहे आणि कधी परत येणार हे कागदावर पाहिजे. ही सवय अजून सुटलेली नाही आणि ती मला यंदा भोवली.

झालं असं की श्रावणात आमचा सरपंच ऋषिराज घरी आला. वय बत्तीस, कपडे पांढरे आणि डोक्यात सदा नवीन खूळ.

"हवालदार, आपल्याला दुसरा दगड बसवायचाय," तो म्हणाला. "गावातनं परदेशात शिकायला गेल्याली पोरंपोरी. नाव, शिक्षण, देश, वर फोटो. काळं ग्रॅनाइट. देवदिवाळीला भैरोबाची जत्रा हाय, तवा अनावरण. यादी तेवढी तुमी करायची."

मी आढेवेढे घेतले नाहीत, कारण त्या यादीत माझी पूजा होती. आमची एकुलती एक. आयर्लंडात कॉर्क म्हणून गाव आहे, तिथं ती दुधाच्या पदार्थांचं शास्त्र शिकायला गेली. घरात दोन म्हशी असताना दूध शिकायला सातासमुद्रापार जायचं, म्हणून मी तिला चिडवायचो. ती म्हणायची, "पप्पा, तुम्हाला धार तरी काढता येते का?" येत नाही. धार तिची आई काढते.

मी वही घेतली, रकाने आखले. नाव, साल, देश, काय शिकायला, पदवी झाली का. आणि शेवटचा रकाना कुणी न सांगता, जुन्या सवयीनं घातला: परत कधी.

पंधरा दिवसांत तेवीस नावं झाली. त्यांत नऊ मुली. पहिला गेला प्रशांत, बौद्धवस्तीतल्या मुक्ताबाईंचा मुलगा, २०११ साली, सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला. पुढच्या सालात आणखी एक तिकडंच. मग अमेरिका सुरू झाली, चौघं गेले. मग कराडला इंजिनिअर झालेला दिग्विजय जर्मनीला गेला आणि त्याच्यामागं चार वर्षांत सात जण गेले. साताऱ्यातल्या जर्मनच्या क्लासात आमच्याच गावची पोरं एका बाकावर बसायला लागली. मग कॅनडा, चौघं. कॅनडानं दार जरा लोटून घेतलं तशी वाट आयर्लंडकडं वळली. पूजा धरून पाच.

ऋषिराजला हे सगळं फार नवलाचं वाटलं. मला नाही वाटलं. माणदेशातला गडी मुंबईत उतरला की आपल्या गावच्या खोलीवर जातो. विटा-आटपाडीकडचा गलाईवाला सोनं-चांदी गाळायला निघतो तो जिथं मामा बसलाय त्याच शहराला निघतो, मग ते तामिळनाडूत असो की बंगालात. एक गेला की वाट पडते. आमच्या पलीकडच्या गावातली झाडून सगळी पोरं ऑस्ट्रेलियाला. का, तर पहिला तिकडं गेला म्हणून. त्या विद्यापीठांना वाटत असेल आपली कीर्ती ऐकून पोरं येतात. कीर्ती कसली घेऊन बसलात! खोलीत जागा आणि भाकरीला जोडीदार मिळाला की पोरं निघाली.

शेवटच्या रकान्यालाच काय ती अडचण आली. दिग्विजयचे वडील म्हणाले, "येत्या मे महिन्यात." गेल्या श्रावणातही त्यांनी मला हेच सांगितलं होतं. कॅनडातल्या एकीची आई म्हणाली, "लग्न ठरलं की." हरणाबाईचे दोन्ही मुलगे अमेरिकेत. तिनं मला बसायला पाट दिला, चहा दिला आणि सांगितलं, "थोरला येनार हाय की. नातवाच्या जावळाला." नातू तिकडं तिसरीत होता. मी मान खाली घालून लिहून घेतलं. सगळ्यांच्या तारखा मी पेन्सिलीनं लिहिल्या. फक्त पूजाच्या ओळीत शाईनं लिहिलं: जत्रेच्या आधी.

शाईनं का, तेही सांगतो. पलटणीत ट्रेनिंग संपलं की पासिंग आऊट परेड होते, शपथ होते आणि जवान घरी रजेवर जातो. पुढची नेमणूक कारगिलला असो नाहीतर कुठं, आधी रजा. पूजाचा पदवीदान समारंभ नोव्हेंबरात होता. तिनं पाठवलेली पत्रिका मी वाचली. काळा झगा म्हणजे वर्दी. चौकोनी टोपी म्हणजे टोपी. रांगेनं चालायचं, नाव पुकारलं की पुढं जायचं, म्हणजे परेडच की. मग रजा नसेल कशी? माझ्या डोक्यात दुसरा विचारच आला नाही.

आणि रजेवर आलेल्या जवानाचं आमच्या गावात काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्याला एसटीच्या थांब्यावरून हलगी लावून भैरोबाच्या देवळापर्यंत आणतात. पायरीवर त्याची आई उभी असते. तो तिला कडक सॅल्यूट ठोकतो आणि आपल्या डोक्यावरची टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवतो. मग फोटो. गावात घरटी भिंतीवर तो फोटो आहे. नऊवारी लुगडं, कपाळभर कुंकू आणि वर पलटणीची हिरवी टोपी. माझ्या आईचाही आहे, १९८६ सालचा. टोपी पार भुवयांपर्यंत आलेली, आणि आई हसतेय की रडतेय ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या पिढीचा फोटो मात्र आमच्या भिंतीवर नाही, कारण पलटणीत गेलेलं पोर आमच्या घरात नाही. चंद्राबाई, माझी बायको, तीस वर्षं त्या पायरीवर उभी राहिली ती ओवाळणीचं ताट धरून, दुसऱ्यांच्या पोरांसाठी. तिचा हात कापत नाही, वाऱ्यात निरांजन विझत नाही, म्हणून तिलाच बोलावतात. ती कधी काही बोलली नाही. चार वर्षांमागं पाटलांचा वीरधवल आला तेव्हा घरी परतताना तिनं एकदाच विचारलं होतं, "आवं, ती टोपी जड असती का वं?"

"न्हाई गं. लोकरीची असती," मी म्हणालो.

"मला वाटलं जड असंल," ती म्हणाली आणि म्हशीला वैरण टाकायला गेली.

म्हणून पूजाची पत्रिका आली तेव्हा मी तिला ओरडूनच सांगितलं, "चंद्रे, आता तुझी पाळी!"

"उगं कायतरी. ती टोपी सपाट हाय वर. बसंल का डोक्यावर?" एवढंच ती म्हणाली. पण दोन दिवसांनी सकाळी बघतो तर आरशापुढं उभी, आणि डोक्यावर पूजाची शाळेतली पाटी धरलेली. मी तसाच मागं सरकलो. तिनं मला बघितलं असतं तर लाजेनं अर्धी झाली असती.

फोनवर मी पूजाला विचारलं, "समारंभानंतर रजा किती दिवस?"

ती हसली. "पप्पा, रजा कसली? बघू."

आमच्याकडं नाही म्हणवत नसलं की बघू म्हणतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिनं सायकल मागितली तेव्हा मीच बघू म्हणालो होतो, सहलीला जायचं म्हणाली तेव्हाही. पण ज्याला जे ऐकायचं ते तो ऐकतो. मी हलगीवाल्यांना सांगून टाकलं. ऋषिराजला सांगितलं, दगडाचं अनावरण पूजाच्या हस्ते कर. त्यानं लगोलग जत्रेच्या पत्रिकेत छापलं.

"आदी पोरीला तरी इचारा," चंद्राबाई म्हणाली. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग."

"परेडनंतर रजा असतीच," मी म्हणालो. मोठा अधिकारी असल्यासारखा!

यादीत प्रशांतची माहिती अर्धी होती. तो सांगलीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, आईलाही तिकडंच घेऊन गेलाय. तेवीस जणांत परत आलेला तो एकटा. रहिमतपूरला गाडी धरून मी सांगली गाठली. विश्रामबागेत दोन खोल्यांचं घर. मुक्ताबाईंना मी अक्का म्हणतो. त्यांनी भडंग आणि चहा पुढं ठेवला आणि गावातल्या एकेकाची चौकशी केली, कुणाची म्हैस व्याली इथपर्यंत.

मी रकाने भरले. शेवटच्या रकान्यात लिहिलं, २०१३, आले. लिहिताना बरं वाटलं. मग सहज विचारलं, "प्रशांत, तू परत का आलास रं?"

तो हसला. "लालाकाका, हा प्रश्न मला बारा वर्षं सगळे विचारतात. जे तिकडं राहिले त्यांना कुणी विचारत नाही, का राहिलात म्हणून. मी परत आलो तर गावात पहिला माणूस भेटला तो म्हणाला, का रं, जमलं न्हाई का तिकडं?"

माझा चहा तसाच हातात राहिला. तो पहिला माणूस मीच होतो. दुपारच्या एसटीनं उतरला होता, पाठीवर बॅग, हातात एक लांब नळी. मी थांब्यावर पेपर वाचत बसलो होतो. नळीत पदवीचा कागद असणार, पण काय आहे ते विचारायचंही मला तेव्हा सुचलं नाही.

"तुझी हलगी कुणी वाजवली न्हाई," मी म्हणालो.

"मी काय लढाईवरनं आलो होतो का?" तो म्हणाला. पण त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

मग दगडाची गोष्ट निघाली. नावं, फोटो, ग्रॅनाइट. मुक्ताअक्का ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "हवालदार, जुन्या दगडावर नावं न्हाईत त्ये लय बरं हाय. माझा आजेसासरा गेलता त्या लढाईवर, बसऱ्याला. नावं लिवली असती तर आमच्या वस्तीतला म्हून त्यो बाहीर ऱ्हायला असता. आकडा हाय म्हून बसला त्यात. एकतीस म्हंजी एकतीस. त्यातनं कुनाला काढनार?"

मी रोज त्या दगडापुढनं जातो. हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. येताना एसटीत वही उघडली आणि क्लार्कच्या सवयीनं बेरीज केली. जुना दगड: गेले एकतीस, कामी आले चार, म्हणजे परत आले सत्तावीस. लढाईतनं. नवा दगड: गेले तेवीस, परत आला एक. कॉलेजातनं. पेठनाका आला तरी मी ती बेरीज बघत होतो. पण शाईनं लिहिलेली पूजाची ओळ होतीच, म्हणून म्हणालो, आता दोन होतील.

समारंभाचा दिवस आला. आपल्याकडं दुपारचे साडेतीन, तिकडं सकाळचे दहा. टीव्हीवर थेट दिसणार होतं. चंद्राबाईनं इरकल नेसलं होतं. टीव्हीपुढं कुणी इरकल नेसतं का, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मीही कोट घालून बसलो होतो.

नावं पुकारत होते. चिनी, आफ्रिकेतली, केरळची, पंजाबची, मध्येच एखादं गोऱ्यांचं. किती देशांची लेकरं ती! प्रत्येकाच्या नावाला सभागृहात कुठंतरी कुणीतरी ओरडायचं, आणि कॅमेरा तिकडं वळायचा, आणि तिथं एखादी आई उभी असायची. मग आमचं नाव आलं. पूजा लालासाहेब. बापाचं नाव पुकारणाऱ्यानं बरोबर घेतलं. ती आली, झगा जरा लांब, टोपीचा गोंडा डोळ्यांवर. हात मिळवला, कागद घेतला, गेली. मोजून सात सेकंद. कुणी ओरडलं नाही. कॅमेरा कुणाकडं वळला नाही.

चंद्राबाई उठून टीव्हीपाशी गेली होती. ती परत येऊन बसली आणि म्हणाली, "वाळलीय."

अर्ध्या तासानं पूजाचा फोन आला, चेहरा दिसणारा. मागं हिरवळ, लोकांचे घोळके, फोटो चाललेले. डोक्यावर टोपी होती.

"आई, दिसले का गं मी?"

"दिसलीस की. ती टोपी आता जपून ठिव. कपड्यात गुंडाळ, हातातल्या पिशवीत घे. इमानात चेपली जाईल."

"आई, टोपी भाड्याची असते गं. झगा पण. चार वाजता परत करायचा."

"परत?"

"हो. सगळ्यांचंच असं असतं."

वर्दी परत करायची असते हे मला माहीत आहे. ती रिटायर होताना, शेवटच्या दिवशी. पासिंग आऊटच्या दिवशी वर्दी परत घेणारी पलटण मी कधी ऐकली नव्हती. मी फोन हातात घेतला. "ते ऱ्हाऊ दे. तिकीट कितव्या तारखेचं? हलगी सांगितलीय."

तेव्हा तिनं सांगितलं. तिला आता रजा नाही. शिकणं संपलं तसं दोन वर्षांचं घड्याळ लागलंय, तेवढ्यात तिच्या शिक्षणाला साजेशी नोकरी मिळाली तर राहायचं. तिथं राहायच्या परवान्याच्या नवीन कार्डासाठी अर्ज केलाय, ते हातात येईपर्यंत देश सोडायचा नाही. पुढच्या आठवड्यात एका चीजच्या कारखान्यात मुलाखत आहे. "पप्पा, मी बघू म्हटलं होतं," ती म्हणाली. "येते म्हटलं नव्हतं."

"मग कवा येनार?" मी विचारलं. आवाज चढला होता. घराघरांत जो प्रश्न मी वही घेऊन विचारला तोच.

ती म्हणाली, "येत्या मे महिन्यात, बहुतेक."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण रागवायचं कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. तिला शिकायला पाठवणारा मी, जर्मनी नको आयर्लंड घे म्हणणारा मी, गावभर फुशारक्या मारणारा मी. मी फोन चंद्राबाईकडं दिला.

"आई, दोन पाहुण्यांची तिकिटं मिळतात इथं," पूजा सांगत होती. "मी तुमच्या दोघांच्या नावानं घेतली होती. माहीत होतं येणार नाही, तरी घेतली. एका मैत्रिणीची आत्या मागत होती, मी नाही दिली. आज त्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या." मग तिनं गोंडा डोळ्यांवरून मागं सारला. म्हणाली, "आई, मी टोपी विकत घेऊन पाठवते. मिळते."

"इकतची नगं," चंद्राबाई म्हणाली. "तुझ्या डोक्यावरची पायजे. तू जेवलीस का?"

फोन बंद झाल्यावर ती इरकल बदलून गोठ्यात गेली. मला काय सुचलं कोण जाणे, मी ट्रंक उघडली. माझी टोपी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली आहे, बिल्ल्यासकट. ती घेऊन मी गोठ्यात गेलो. चंद्राबाई धार काढत होती.

"चंद्रे, ही घाल. फोटो काढू. टोपी ती टोपी."

तिनं बघितलं. हात थांबला नाही. "ती तुमच्या आईनं घातली. ती त्यांची. माझी येईल तवा घालीन मी." चरवी भरत आली होती. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला लय हौस हाय वं. लय हौस हाय. पर दुसऱ्याची नगं."

तीस वर्षांत तिनं मला हौस म्हणून सांगितलेली ती पहिली गोष्ट. मी टोपी हातात धरून तिथंच शेणात उभा राहिलो. पूजाला जाऊन पंधरा महिने झाले होते, पण ती गेली हे मला त्या दिवशी, त्या गोठ्यात कळलं. इतके दिवस मी तिला कोर्सवर धरत होतो.

दुसऱ्या दिवशी हलगीवाल्यांना नको म्हणून सांगितलं. मग वही उघडून पूजाच्या ओळीतली शाई ब्लेडनं खरवडली आणि पेन्सिलीनं लिहिलं, येत्या मे महिन्यात. आणि ऋषिराजकडं गेलो.

"नावं नगंत," मी म्हणालो. "फोटो नगंत. ग्रॅनाइट नगं. जुन्या दगडासारखाच दगड, दोन ओळी. या गावातून तेवीस मुलंमुली शिकायला परदेशी गेली. खाली, त्यांपैकी इतकी परत आली."

ऋषिराजनं कपाळाला हात लावला. "हवालदार, दुसरी ओळ कशाला? एक आकडा लिवून गावाची अब्रू घालवताय व्हय?"

"जुन्या दगडावर चार मेले म्हणून कोरलंय. तवा गेली का अब्रू?"

"आवं, पर ही पोरं मेली न्हाईत. मजेत हायत तिकडं."

"म्हणूनच," मी म्हणालो. "मेलेल्यांचा आकडा बदलत न्हाई. ह्यो बदलंल."

त्यानं माझ्या हातातली वही घेतली आणि यादीवरनं बोट फिरवलं. त्याचा धाकटा भाऊ जर्मनीत आहे, यादीत बारावा. शेवटी म्हणाला, "करा तुमच्या मनासारखं."

जत्रेच्या आदल्या दिवशी पाथरवट नाथाजी चावडीत बसून कोरत होता. टाकीचा आवाज सकाळपासून गावभर ऐकू येत होता. दुपारी त्याची पहिली ओळ झाली. दुसरीतली "त्यांपैकी" एवढी अक्षरं झाली आणि त्यानं मला हाक मारली. मुक्ताअक्का आणि प्रशांत सांगलीहून आले होते. अनावरण आता प्रशांतच्या हस्ते होतं, पत्रिकेतलं नाव खोडून. सकाळी तो उतरला तेव्हा थांब्यावर मी उभा होतो. हलगी नव्हती, पण मी सॅल्यूट ठोकला, आणि तो बावरला, आणि आम्ही दोघंही उगाच हसलो.

"आकडा किती कोरू?" नाथाजीनं विचारलं.

"एक," मी म्हणालो. जे खरं ते.

हरणाबाई शेजारी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. दिग्विजयचे वडील दगडाकडं बघत होते. नाथाजीनं टाकी लावली, हातोडा उचलला.

"थांब रं," मागनं आवाज आला. चंद्राबाई चहाची किटली घेऊन आली होती. तिनं किटली खाली ठेवली, दगडापाशी बसली आणि "त्यांपैकी"च्या पुढच्या कोऱ्या जागेवर तळवा ठेवला. "आकडा कोरू नगंस. रंगानं लिव्ह, पुसता येईल असा."

"बरं, वैनी. एक लिवायला बोटभर जागा बास झाली. पुढचं अक्षर हितनं धरतो."

"बोटभर नगं," चंद्राबाई म्हणाली. "दोन आकड्यांची जागा सोड."

नाथाजीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं पट्टी लावून दोन आकड्यांची जागा मोजली, खडूनं रेघ मारली आणि तिच्या पुढनं कोरायला सुरुवात केली. चंद्राबाईनं कप मांडले आणि सगळ्यांना चहा ओतला.